घाबरणाऱ्यांनी बर्फात जावे का?

उत्तराखंडातल्या सुमारे 3800 मीटर उंच केदारकंठ्याला हिवाळ्यात मराठी ट्रेकर मोठ्या संख्येने जातात. त्यांत उंचीला घाबरणारेही असतात. त्यांना भित्रे म्हणून हिणवणे चूक आहे. तोल सांभाळायला डोळ्यांना जवळच्या स्थिर वस्तूंचा आधार लागतो; उघड्या धारेवर तो मिळत नाही आणि शरीर खरोखरच जास्त डुलते. दरीऐवजी पुढच्या पावलाकडे पाहा, हा सल्ला त्यामुळे शास्त्राला धरूनच आहे. घाबरलेला माणूस सोबत्यांनाही गोत्यात आणतो, हा आक्षेप अर्धा खरा. उतरताना तो भीतीने मागे रेलतो आणि बुटांखालचे स्पाइक्स बर्फात नीट रुतत नाहीत. पण ही सवय सरावाने सुटते. शिवाय सोबत्यांना गोत्यात तर फोटोसाठी कड्यावर धावणारे बेधडक लोकही आणतात; त्यांचे काय करायचे? आयोजकांनी नोंदणीच्या वेळीच उंचीच्या भीतीची चौकशी करावी, आणि वाचकहो, तुम्हीही ती लपवू नका.