छडी गेली, हाती काय दिले?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली. ते योग्यच झाले. छडीच्या कैवाऱ्यांशी प्रस्तुत लेखकाचे सख्य नाही. परंतु एक साधन काढून घेतल्यावर त्याच्या जागी दुसरे देण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला.

वर्गात ठिणगी पडते ती बहुधा क्षुल्लक कारणाने. आठवीतील मुलाच्या बाकाखाली मोबाइल दिसतो. शिक्षक मागतात, मुलगा नाकारतो, शिक्षक हात पुढे करतात. येथवर प्रश्न मोबाइलचा असतो. पुढे तो अब्रूचा होतो. सबंध वर्गादेखत माघार घेणे चौदा वर्षांच्या मुलास जड जाते आणि, खरे सांगावयाचे तर, पंचेचाळीस वर्षांच्या गुरुजींनाही. म्हणून आधी प्रेक्षक कमी करावेत. वर्गाला काही लिहावयास द्यावे, मुलाशी हलक्या आवाजात एकदाच बोलावे आणि त्यास विचारास अवधी देऊन बाजूला व्हावे. वस्तू हिसकावू नये, अंगाला हात लावू नये, त्याची दाराकडील वाट अडवू नये. प्रकरण हातघाईवर येण्याची चिन्हे दिसताच शेजारच्या वर्गावरील सहकाऱ्यास बोलावून घ्यावे. त्यात कमीपणा कसला? मोबाइलचा निवाडा तास संपल्यावर मुख्याध्यापकांसमक्ष होऊ शकतो.

हे शहाणपण प्रस्तुत लेखकास उशिरा आले. परीक्षेच्या पर्यवेक्षणात एका विद्यार्थ्याच्या हातातील चिठ्ठी त्याने ओढली, विद्यार्थ्याने मनगट धरले, आणि सारे दालन लेखणी खाली ठेवून पाहत राहिले. चिठ्ठीत दोन सूत्रे होती. त्यांपायी चाळीस जणांची दहा मिनिटे गेली.

हे कौशल्य उपजत नसते, सरावाने येते. आणि सरावास वेळ लागतो. शिक्षकांस अशैक्षणिक कामांस जुंपण्यास त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने मनाई केली खरी, पण जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांचा अपवाद ठेवूनच. एखादा प्रसंग विकोपास गेला की चौकशीसाठी मात्र सर्वांना वेळ मिळतो, आणि शिक्षकाची नोकरी व मुलाचे वर्ष दोन्ही पणास लागतात. त्यापेक्षा जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी संस्थाचालकांनी दोन दिवस काढून असे प्रसंग शिक्षकांकडून प्रत्यक्ष वठवून घ्यावेत. त्यांत शिपाई आणि लिपिक यांनाही बसवावे. उशिरा आलेल्या मुलाशी पहिली गाठ फाटकावर शिपायाचीच पडते.