यंत्राला चाबूक कशासाठी?

बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या घरांत अलीकडे एक नवी समजूत रुजू लागली आहे. संगणकाच्या प्रोसेसरला आणि रॅमला कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने धावावयास लावले, की त्यावरील बुद्धिबळाचे इंजिन अधिक खोल पाहते आणि परिणामी आपले अपत्य अधिक चांगले खेळते, अशी ही समजूत आहे. या उद्योगास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. त्यासाठी महागडा मदरबोर्ड, पाण्याने थंड होणारी यंत्रणा, जास्त क्षमतेचा वीजपुरवठा-संच आणि वेगवान रॅम अशी खरेदी ओघानेच येते. बुद्धिबळाच्या नावाने हा खर्च करणे म्हणजे द्रव्याचा अपव्यय आहे, आणि मुलांच्या बाबतीत तर तो त्यांच्या अभ्यासाची दिशा चुकविणारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंत्रांच्या हौशीवर आमचा राग नाही. कोणी जुनी मोटार दुरुस्त करतो, कोणी रेडिओ जुळवितो, तसा कोणी प्रोसेसरचा वेग वाढवून पाहतो. ती हौस त्या नावाने करावी, एवढेच आमचे मागणे.

एके काळी या हौशीत खरोखर लाभ होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर आला. त्याचा गुणक साडेचार, आणि मदरबोर्डाच्या बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चाले, आणि पुष्कळांच्या घरी तो बिनतक्रार चालला. दीडपट वेग फुकट! कारखान्यातून एकाच जातीच्या चकत्या निघत, बाजाराच्या गरजेनुसार त्यांतील काही कमी वेगाच्या म्हणून विकल्या जात, आणि चाणाक्ष गिऱ्हाईक त्यांची खरी ताकद वापरून घेई. आज ओव्हरक्लॉकिंगची जी कीर्ती ऐकू येते ती बव्हंशी त्या काळाची पुण्याई आहे.

आता ती शिल्लक उरलेली नाही. हल्लीचे प्रोसेसर तापमान व वीज यांचा अंदाज घेत स्वतःच आपला वेग मर्यादेपर्यंत चढवितात. ग्राहकाने काढून घ्यावयाची साय कारखानदाराने आधीच काढून घेतली आहे. किंबहुना ती अंमळ जास्तच काढली गेल्याचे २०२४ साली दिसले. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेजमुळे अस्थिर होत असल्याचे उघड झाले आणि कंपनीला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. जिथे मूळ मांडणीच इतकी ताणलेली, तिथे वरून आणखी चाबूक ओढून हाती किती लागणार? फार तर दहा टक्के. त्या दहा टक्क्यांचाच हिशेब मांडू.

प्रोसेसरमधील उष्णता ही ढोबळमानाने वेग आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढविण्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के वाढवावे लागले, तर उष्णता १.१ गुणिले १.२१, म्हणजे १.३३ पट होते. वेग एक दशांशाने अधिक, आच एक तृतीयांशाने अधिक. बदल्यात खेळ किती सुधारला? इंजिनाला दुप्पट वेग दिला तर त्याचे बळ पन्नास ते सत्तर एलो गुणांनी वाढते, असा जुना ठोकताळा आहे. आजच्या बलाढ्य इंजिनांना, दीर्घ वेळेच्या डावांत, तेवढीही वाढ मिळत नाही. तरी उदार मनाने साठ गुण धरू. त्या हिशेबाने दहा टक्के वेगाचे मोल सुमारे आठ गुण भरते. आठ गुणांचा अर्थ असा, की समबल प्रतिस्पर्ध्याविरुद्ध शंभर डावांत पन्नासाऐवजी एक्कावन्न गुण मिळतील. हा एक गुण खरोखर वेगामुळे मिळाला की योगायोगाने, हे शंभर डावांत कळणेही शक्य नाही. त्यासाठी काही हजार डाव खेळवावे लागतात. तेव्हा “वेग वाढविल्यापासून इंजिन जोरात खेळते” असे जे आम्हांस सांगण्यात येते, तो केवळ सांगणाऱ्याच्या मनाचा खेळ असतो.

बुद्धिबळ-यंत्रांचा इतिहासही वेगाच्या भक्तांना फारसा अनुकूल नाही. ते नेहमी १९९७ च्या डीप ब्लूचे नाव घेतात. सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या त्या अजस्र यंत्राने न्यूयॉर्क येथे कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असे हरविले, हे खरे. परंतु अवघ्या नऊ वर्षांनी, २००६ साली बॉन येथे, डीप फ्रिट्झने जगज्जेत्या क्रामनिकला चार विरुद्ध दोन असे हरविले, तेव्हा ते दुकानात मिळणाऱ्या प्रोसेसरांवर सेकंदाला कोटीभराहून कमी स्थिती पाहत होते. आणखी तीन वर्षांनी, २००९ मध्ये, ब्यूनस आयर्सच्या स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ या कार्यक्रमाने चक्क मोबाइल फोनवर खेळून दहा डावांत साडेनऊ गुण मिळविले. त्याची झेप सेकंदाला वीस हजार स्थितींचीही नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरोचा निकाल जाहीर झाला. सेकंदाला ऐंशी हजार स्थिती पाहणाऱ्या त्या कार्यक्रमाने सात कोटी पाहणाऱ्या स्टॉकफिशविरुद्ध शंभर डावांत अठ्ठावीस जिंकले, बहात्तर बरोबरीत सोडविले आणि एकही गमावला नाही. (त्या सामन्याच्या अटी स्टॉकफिशला जाचक होत्या, अशी टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती, पण जवळजवळ नऊशेपट वेगाचे अंतर अटींनी भरून निघत नाही.) पुढे स्टॉकफिशनेही तो धडा घेतला. यू नासु या जपानी संशोधकाने २०१८ साली शोगी या त्यांच्या देशी बुद्धिबळासाठी रचलेली न्यूरल जाळ्याची पद्धत सप्टेंबर २०२० च्या बाराव्या आवृत्तीत आली. नव्या मूल्यमापनाला वेळ अधिक लागत असल्याने इंजिन सेकंदाला पूर्वीपेक्षा कमी स्थिती पाहू लागले, आणि तरीही अकराव्या आवृत्तीविरुद्ध, जितक्या डाव-जोड्या गमावल्या त्याच्या दहापट जिंकले. ही आवृत्ती कोणालाही विनामूल्य मिळत होती. ओव्हरक्लॉकिंगने जन्मात न मिळणारा लाभ केवळ नवी फाइल उतरवून घेतल्याने मिळाला.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. स्टॉकफिशच्या निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी निरनिराळ्या आवृत्त्या मिळतात. पुष्कळ जण जी सर्वसामान्य आवृत्ती हाती लागेल ती वापरतात आणि मग वेग कमी पडतो म्हणून नवे यंत्र मागतात. आपल्या प्रोसेसरला साजेशी, एव्हीएक्स-२ सूचनांचा उपयोग करणारी आवृत्ती निवडली, तर जो वेग फुकट वाढतो तो व्होल्टेज वाढवून मिळणाऱ्या वेगापेक्षा कितीतरी अधिक असतो. गंमत अशी, की याच सूचना चालू असताना प्रोसेसर सर्वाधिक तापतो. म्हणूनच हौशी मंडळी त्यांच्यासाठी वेग मुद्दाम उतरवून ठेवण्याची सोय करतात. म्हणजे दुकानदाराने मोठ्या अक्षरांत दाखविलेला गिगाहर्ट्झचा आकडा नेमका बुद्धिबळाच्या वेळीच टिकत नाही.

रॅमचे प्रकरण तर अधिकच फसवे आहे. इंजिन एकदा तपासलेल्या स्थिती हॅश टेबल नावाच्या कोष्टकात ठेवते, कारण चालींचा क्रम बदलून तीच स्थिती पुन्हा पटावर येऊ शकते. या नोंदी स्मृतीत विखुरलेल्या असतात. तेथे एकेक नोंद किती लवकर हाती येते याला महत्त्व. एका दमात किती माहिती वाहून नेली याला तितके नाही. आता ३२०० वेगाची, सोळा चक्रे विलंबाची रॅम घ्या, किंवा ३६०० वेगाची, अठरा चक्रे विलंबाची घ्या. गुणाकार-भागाकार केला की दोन्हींचा विलंब दहा नॅनोसेकंदच निघतो. आकडा वाढला, वाट पाहणे तेवढेच राहिले.

आणि ताणलेली रॅम चुकते तेव्हा ती धूर सोडून चुकत नाही. कोठेतरी एखादा बिट उलटतो. कधी संगणक बंद पडतो, ते बरे. कधी मात्र कोष्टकातील एखाद्या स्थितीचे मूल्य बिघडते आणि पडद्यावर तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा आकडा उमटतो. यंत्राच्या चुकीला माणूस किती भुलतो, याचे उदाहरण डीप ब्लूच्याच पहिल्या डावात आहे. त्यातील ४४ वी चाल कार्यक्रमातील दोषामुळे पडली होती, असे निर्मात्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी पुढे सांगितले. कास्पारोव्हच्या गोटात मात्र त्या चालीमागे अगाध खोली शोधली गेली, असे म्हणतात. तो दोष कार्यक्रमाचा होता, स्मृतीचा नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु जिथे कास्पारोव्हला चकवा बसू शकतो, तिथे बारा वर्षांच्या मुलाने बिघडलेल्या रॅमचा निकाल वहीत उतरवून पाठ केला, तर त्याला दोष कोणी द्यावा?

यात आपल्या गावांच्या हवेचाही विचार हवा. पंखा असो वा पाण्याची यंत्रणा, ती प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. इंदूर, वडोदरा, हैदराबादही फार मागे नाहीत. पौषात कसोटीला उतरलेली मांडणी वैशाखात उतरेलच, असे नाही.

हे सारे लिहिण्यास निमित्त झाले ते आमच्या येथील मंडळाच्या बुद्धिबळवर्गासाठी आलेल्या एका खरेदी-प्रस्तावाचे. देणगीच्या रकमेचा मोठा भाग अशा एकाच “वेगवर्धित” संगणकावर खर्च करावा, असे त्यात सुचविले आहे. शासकीय नोकरीत आम्ही खरेदीच्या पुष्कळ नस्ती पाहिल्या. ज्या नस्तीत वस्तूचे वर्णन चार पानी आणि गरजेचे वर्णन एका ओळीचे असे, ती आम्ही शेरा मारून परत पाठवीत असू. या प्रस्तावात गरजेची ओळ आहे ती “मुलांच्या विश्लेषणासाठी” एवढीच.

मुलांच्या विश्लेषणाला काय लागते? वर्गातील मुले प्यादे फुकट देतात, शह पाहत नाहीत, हत्ती-प्याद्यांचे अंतपर्व घालवितात. या चुका दाखविण्यास दहा वर्षांपूर्वीचा संगणक किंवा पालकांच्या खिशातील फोन पुरेसा आहे. तो आजच्या कोणत्याही जगज्जेत्याला हरवील. इंजिन अठ्ठाविसाव्या खोलीवर आहे की तिसाव्या, याने दोन चालींत घोडा गमावणाऱ्या मुलाला काय फरक पडतो? पूर्वी संगणक नव्हते तरी खाडिलकर भगिनी घडल्या, प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये आणि अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले, असा युक्तिवाद आम्ही करणार नाही. तो आळशी युक्तिवाद आहे, संगणकाने शिकणे सोपे झाले हे कोणीही मान्य करील. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आपल्या घरांत उत्साहाचे भरते आले, हे योग्यच झाले. पण कोनेरू हंपीविरुद्धचा तो अंतिम सामना जलद डावांत सुटला. तिथे घड्याळ पळत होते आणि पटाशेजारी कोणाचाही प्रोसेसर नव्हता.

ज्यांना वेगाची खरी गरज आहे असे लोक दोनच: इंजिन रचणारे, आणि पत्राद्वारे बुद्धिबळ खेळणारे. पहिल्यांना हजारो डावांच्या मोजणीवर विसंबावे लागते, म्हणून अस्थिर यंत्र त्यांनाच सर्वांत घातक. दुसऱ्यांच्या स्पर्धांत इंजिनाला परवानगी आहे, आणि त्याचा परिणाम असा की अलीकडच्या जगज्जेतेपदाच्या अंतिम फेऱ्यांत जवळजवळ सारे डाव बरोबरीत सुटतात. सर्वांपाशी वेग, म्हणून कोणापाशीच वरचढपणा नाही.

तेव्हा प्रस्तावकांना आमची सूचना अशी. साधा, हमीतील, कारखान्याच्या मूळ वेगावर चालणारा एक संगणक घ्यावा, आणि त्यावर इंजिनाची योग्य आवृत्ती बसवावी. उरलेल्या रकमेतून चांगले पट, सोंगट्यांचे संच, स्पर्धेची घड्याळे आणि महिन्यातून दोन रविवार एखाद्या मानांकित प्रशिक्षकाचे मानधन भागवावे. आणि वर्गात नियम असा, की मुलाने आपला हरलेला डाव प्रथम स्वतः, पेन्सिलीने, चुका नोंदवून लिहून आणावा. त्यानंतरच संगणक सुरू होईल.