जमाखर्चात न बसणारा श्रोता

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात 5 ऑक्टोबर 1925 रोजी ‘डब्ल्यूएसएम’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले, ते काही निव्वळ संगीतप्रेमापोटी नव्हे. त्याची मालकी एका विमा कंपनीकडे होती. ‘लक्षावधींना आमचे संरक्षण’ अशा अर्थाच्या तिच्या इंग्रजी ब्रीदवाक्याची आद्याक्षरे हेच केंद्राचे नाव. त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथून ग्रामीण ‘कंट्री’ संगीताचा कार्यक्रम सुरू झाला. 1927 पासून तो ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून ओळखला जातो. 1932 मध्ये प्रक्षेपणशक्ती 50 हजार वॅट झाली आणि रात्री हे सूर दूरदूरच्या राज्यांतील खेड्यापाड्यांत पोहोचू लागले. त्या घरांत विमा प्रतिनिधीला ओळख सांगणे सोपे झाले. गाणे फुकट, मोबदला हप्त्यांतून, असे ते गणित होते.

1983 मध्ये केंद्र दुसऱ्या मालकाकडे गेले. 2001-02 च्या हिवाळ्यात तेथे गाण्यांऐवजी क्रीडाविषयक चर्चा प्रसारित करण्याचा विचार पुढे आला. श्रोत्यांनी तीव्र निषेध केला आणि तो बेत बारगळला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. नभोवाणीच्या बाजारात पैसे मोजतो तो जाहिरातदार. श्रोता केवळ ऐकतो. त्यामुळे श्रोत्याच्या आवडीची नोंद जमाखर्चात आपोआप होत नाही. ती त्याला स्वतः बोलूनच करावी लागते. तो गप्प राहिला, तर त्याची आवड शून्य धरली जाते.