हिवाचा मार आणि कोरडवाहूचा हक्क



रावेर-यावलच्या केळीवर थंडीत चरका पडला की साऱ्या जिल्ह्याला कळते. त्याच रात्री अमळनेर, पारोळा, शिंदखेड्याच्या कोरडवाहू शिवारात कपाशीला आणि दादरलाही मार बसतो. त्याची बातमी होत नाही, कारण तो मार आतला असतो.

थंडी पिकाचे नेमके काय करते? झाड लहान लहान पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. आत काय घ्यायचे, बाहेर काय सोडायचे, हे तो ठरवतो. हा पडदा स्निग्धाचा आणि प्रथिनांचा. हिवाळ्यात सकाळी खोबरेल बाटलीत गोठते, करडईचे तेल पातळच राहते. पडद्यांचेही तसेच आहे. गहू-हरभऱ्याचा पडदा थंडीतही लवचीक राहतो. कपाशी, ज्वारी, केळी ही उष्ण मुलखातली पिके. पारा दहा-बारा अंशांवर उतरला की त्यांचा पडदा ताठरतो, पेशीतले क्षार पाझरू लागतात, ओल असूनही मुळे पाणी ओढत नाहीत. वर सकाळचे लख्ख ऊन पानाला पचत नाही. म्हणजे पाणी गोठण्याच्या कितीतरी आधीच आपले पीक जायबंदी होते. लायन्स आणि रेझन या शास्त्रज्ञांनी १९७० सालीच थंडी सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या पिकांतला हा फरक मांडला होता.

दादर पोटरीत असताना परागकण घडतात. त्या दिवसांत रात्री फार थंड गेल्या तर पराग वांझ होतो. कणीस दिसते, पण दाणा भरत नाही. खरिपाचे संकरित वाण यात आधी फसतात, रब्बीचे देशी वाण जास्त तग धरतात. म्हणून रब्बीत रब्बीचेच बी घ्या. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ओलीवर पेरलेली दादर कडक थंडीआधी पोटरी ओलांडते.

कपाशीचा लाल्या पाहून दुकानाकडे धावू नका. मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता, तुडतुडे, १५ अंशांखालच्या रात्री, अशी त्याची कारणे अनेक आहेत. पानामागे तुडतुडे नसतील तर कीटकनाशक कशासाठी? झाडाला ताप आला तरी डबा, हिव भरले तरी डबा, हा व्यापार आपल्या खिशावर चालतो. पुरते लाल झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही. खुराक द्यायचा तो पाते-बोंडे लागताना. डिसेंबर संपता कपाशी उपटा. थंडीने मोडलेल्या फरदडीवर खर्च करणे म्हणजे बोंडअळीला पोसणे.

आता हक्काचे बोलू. बागायतदार रात्री पाणी देऊन जमीन उबदार ठेवतो. कोरडी जमीन दिवसाची ऊब साठवत नाही, पहाटे ती जास्त गार पडते. म्हणजे ज्याच्याजवळ पाणी नाही त्यालाच मार मोठा. आणि विमा? केळीच्या हवामान आधारित विम्यात पारा सलग काही दिवस ८ अंशांवर वा खाली राहिला की भरपाईचा हक्क उभा राहतो, यंत्राची नोंद पुरते. ज्वारी-कपाशीचा हिशेब मात्र कापणी प्रयोगाच्या मंडळभर सरासरीवर. गार हवा पाण्यासारखी खोलगट रानात साचते. नाल्याकाठची दादर पोचट निघते, टेकाडावरची भरते, आणि सरासरीत नाल्याकाठचा बुडतो.

केळीला मिळते त्याबद्दल आपली तक्रार नाही. तोही आपलाच भाऊ. पण पारा मोजणारे यंत्र एकच, रात्र एकच. मग केळीला थंडी वाजते आणि ज्वारीला वाजत नाही, हे कोणते शास्त्र?

दादर पोटरीत असतानाच्या थंड रात्री विम्यात धरा आणि मंडळाच्या यंत्राची रोजची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, असा ठराव जिल्हा बैठकीत घेऊ. येताना आपल्या गावात कोणत्या रानात दाणा भरला नाही, पेरणी कधीची, वाण कोणते, हे वहीत लिहून आणा. भरपाई मागायची तर हिशेब आपल्याच हातात हवा.