ती अळी मारू नका, ती मावा खाते



ढगाळ हवा पडली की आपल्या कुरकुंभ-दौंड पट्ट्यात रब्बी ज्वारीवर, करडईवर मावा वाढतो. पानं चिकट झाली की चिकटा पडला म्हणून पंप पाठीवर. त्यात पानावर एखादी हिरवट लिबलिबीत अळी दिसली, तर 'आता अळीपण आली' म्हणत टाकीत दुसरं औषध. माझं म्हणणं एवढंच, फवारायच्या आधी ती अळी कोणाची हे बघा. माव्याच्या घोळक्यात बसलेली असेल तर बऱ्याचदा ती सिरफिड माशीची असते. ती पान खात नाही, मावा खाते.

ओळखायला सोपी आहे. पीक खाणाऱ्या अळीला कडक डोकं आणि पाय असतात, पानाला भोकं पडतात, विष्ठा दिसते. सिरफिडच्या अळीला पाय नाहीत, वेगळं डोकं दिसत नाही. तोंडाकडं निमुळती, मागं जाड. मावा तोंडात धरते, रस शोषते, रिकामं कातडं टाकते आणि पुढचा धरते. कोशात जाईपर्यंत एकेक अळी शेकडो मावा संपवते.

हिची माशी तुम्ही रोज बघता. अंगावर पिवळे-काळे पट्टे, म्हणून मधमाशीच वाटते. पण मधमाशीला पंख चार, हिला दोन. डंख नाही. फुलासमोर हवेत एका जागी थांबते. माव्याजवळ तांदळाच्या कणीसारखं पांढरं अंडं एकेक करून घालते. दोन-तीन दिवसांत अळी बाहेर येते.

आता हिशोब बघा. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, आणि हवा मानवली तर ते पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतं. सिरफिडला अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे. सरसकट जहाल औषध मारलं की दोन्ही मरतात, पण उरलासुरला मावा आधी उभा राहतो आणि त्याला खाणारं कोणी नसतं. मग दुसरी फवारणी, मग तिसरी. खर्च आपला.

2002 साली उसावर लोकरी मावा आला तेव्हाचं आठवा. सांगलीकडून सुरू होऊन सगळ्या ऊसपट्ट्यात पसरला. वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कसं? तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी हात दिला. त्यांच्या जोडीला सिरफिडच्या अळ्याही होत्या.

दुसरी गोष्ट बांधाची. अळी मावा खाते, पण माशीला फुलातला मध आणि पराग लागतो. पराग मिळाला नाही तर तिची अंडी पिकत नाहीत. आपण बांध तणनाशकानं जाळून टाकतो आणि वर मित्रकीटक राहिले नाहीत म्हणतो. एक सरी मोहरी, कोथिंबीर किंवा शेपू फुलावर येऊ द्या. ज्यांचं कांदा बियाणं आहे त्यांना तर दुहेरी फायदा. कांद्याच्या गोंड्यावर मधमाशीबरोबर ही माशीही परागीभवन करते.

सगळीकडं थांबा असं मी म्हणत नाही. पपईत मावा रिंगस्पॉट विषाणू पसरवतो, तिथं सिरफिडच्या भरवशावर राहता येत नाही. कांद्यावरच्या फुलकिड्यांवरही हा उपाय नाही. पण ज्वारी, करडई, गव्हात शेतात 10 ठिकाणी पानं उलटून बघा. माव्यात अळ्या आणि पांढरी अंडी दिसली तर चार दिवस थांबा, पुन्हा मोजा. मावा घटत असेल तर पंप घरीच राहू द्या. वाढतच असेल तर जिथं मावा आहे तेवढ्याच पट्ट्यात फवारा, आणि फुलावरच्या पिकात सकाळी माशा फिरत असताना तर नकोच.