पाच गुंठे तरुणांच्या हाती

दरवर्षी ५ जून उजाडला की शाळा-महाविद्यालयांतील मुले गावातून फेरी काढतात, घोषणा देतात, पंचायतीच्या आवारात चार-दोन रोपे लावली जातात, छायाचित्र निघते आणि मृगाचा पाऊस सुरू होताच सर्वजण आपापल्या कामाला लागतात. रोपांचे पुढे काय झाले, हे गावची गुरेच जाणतात. हवामानबदलाच्या कामी तरुणांनी पुढाकार घ्यावा, असे व्यासपीठावरून वारंवार सांगण्यात येते. सांगणे योग्यच आहे. परंतु हा पुढाकार कोठे, कोणत्या कामात आणि कोणाच्या परवानगीने घ्यावयाचा, याचा उलगडा सहसा होत नाही. कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांपुरते पाहिले, तर त्याचे उत्तर भाताच्या खाचरात आहे. आणि खाचराची किल्ली अद्याप वडीलधाऱ्यांच्या कनवटीला आहे.

हवामान बदलले की नाही, हा वाद या दोन तालुक्यांत तरी आता उरलेला नाही. २६ जुलै २०१९ च्या रात्री उल्हास नदीला आलेल्या पुरात कर्जतच्या खालच्या अंगाला, वांगणीजवळ, महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढावे लागले. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास परतीच्या पावसाने कोकणातील कापणीला आलेले भात झोपविले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसांचा शोध लागला नाही आणि काही दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. ही ठाकर बांधवांची वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती, ही गोष्ट गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अशी यादी कितीही काळजीपूर्वक केली तरी डोंगरातील प्रत्येक वाडीवर तिची नजर पोहोचेलच असे नाही. वाडीत राहणाऱ्याची नजर मात्र तेथे रोज असते.

जगात इतरत्र तरुणांनी काय केले, हे वर्तमानपत्रांतून सर्वांस ठाऊक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्वीडन देशातील ग्रेटा थुनबर्ग ही शाळकरी मुलगी आपल्या देशाच्या संसदेबाहेर फलक घेऊन एकटी बसली आणि वर्षभरात देशोदेशींचे लाखो विद्यार्थी रस्त्यावर आले. त्या चळवळीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण स्वीडनच्या मुलीला आपल्या सरकारकडे जे मागावयाचे होते, ते कर्जतच्या मुलाला बव्हंशी आपल्या घरीच मागावयाचे आहे. आणि ते अधिक अवघड आहे, हे ज्याने आपल्या वडिलांशी नांगरणीवरून एकदा तरी वाद घातला आहे, त्यास सांगावे लागणार नाही.

तरुणांच्या पुढाकाराची या भूमीला सवय नाही, असेही नाही. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांना लोक ओळखतात ते विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नायक म्हणून. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. परंतु त्याआधी या वकिलाने आसपासच्या गावांत शाळा काढल्या होत्या आणि गरीब शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून धान्यकोठ्या उघडल्या होत्या, हे कमी सांगितले जाते. पुढे १९८० च्या दशकात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांतून धान्यकोठारे उभी केली. पावसाळ्यात उचल घ्यावयाची, सुगीनंतर परत भरावयाची. पाऊस लहरी झाला असता अशा कोठारासारखा दुसरा विमा नाही.

आता खाचराकडे वळावे. या भागातील भातशेतीची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्यात तीन गोष्टी अशा आहेत की ज्यांचा विचार नव्या पिढीने नव्याने केला पाहिजे.

पहिली, दाढ भाजणे. फाल्गुनापासून ऐन, किंजळाचे कवळ तोडावयाचे, त्यावर शेण, पालापाचोळा, गवत आणि माती पसरून राब करावयाचा आणि तो पेटवावयाचा. ही रीत अडाणीपणाची होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राबाने तणाचे बी जळते, राखेतून पालाश मिळते, रोपे जोमदार येतात. जुन्या शेतकऱ्याने हे अनुभवाने ओळखले होते. पण तेव्हा डोंगरात झाडे होती. आज दरसाल फांद्या तोडून तोडून ऐनाचे नुसते सोट उरले आहेत, आणि उतारावरील माती धरून ठेवणारा पालाच आपण जाळीत आहोत. यास पर्याय नाही असे नाही. डॉ. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळण्याची शिफारस आहे. त्या राखेतून रोपाला सिलिका मिळते व ते कणखर होते. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचे: बांधावर गिरिपुष्प लावावे आणि लावणीपूर्वी गुंठ्यास सुमारे ३० किलो हिरवा पाला खाचरात गाडावा. बांधावरील गिरिपुष्प छाटले तरी पुन्हा फुटते. डोंगरावरील ऐनाला कोयता लावण्याची गरज राहत नाही.

दुसरी, चिखलणी. खाचरात पाणी कोंडून राहिले की मातीतील हवा निघून जाते आणि प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जीव मिथेन नावाचा वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहता हा वायू कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीसपट उष्णता धरून ठेवतो. मानवी व्यवहारांतून जगभर जितका मिथेन बाहेर पडतो, त्यातील दहाव्या हिश्श्याहून काहीसा कमी भाग भातखाचरांतून येतो. यावरून कोकणातील दोन एकरांच्या धन्याला जगाच्या तापाबद्दल अपराधी ठरविण्याचे कोणासही कारण नाही; कारखान्यांचा आणि मोटारींचा धूर त्याच्या माथी मारता येणार नाही. चिखलणीचा खरा तोटा त्याला घरातच सोसावा लागतो. तिने मातीचा कण मोडतो, सुपीक गाळ पावसाबरोबर वाहून जातो, आणि आवणीसाठी घरच्या बायकांना दिवसदिवस चिखलात वाकून राहावे लागते.

या बाबतीत कर्जतकरांना दूर जावयास नको. नेरळजवळ मालेगाव येथील सगुणा बाग हे नाव सर्वपरिचित आहे. अमेरिकेत शिक्षण घेऊन गावी परतलेले श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी तेथे सगुणा राइस तंत्र, म्हणजेच एसआरटी, ही पद्धत विकसित केली. गादीवाफे एकदाच करावयाचे. त्यानंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणी नाही. साच्याने ठराविक अंतरावर छिद्रे पाडून भाताचे बी टोकावयाचे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यावयाची. मुळांच्या पोकळ्यांतून हवा व पाणी खेळते, गांडुळे येतात, आणि भातामागून त्याच वाफ्यावर वाल घेता येतो. या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते झाकून ठेवू नयेत. पहिल्या-दुसऱ्या हंगामात तण फार त्रास देते. शिवाय तिच्यात तणनाशकावर भिस्त आहे आणि ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये निर्बंध घातले. तेव्हा तणाचा बंदोबस्त कसा करावयाचा, हे प्रत्येकाने आपल्या मातीत करून पाहिल्यावाचून ठरणार नाही. करून पाहण्याचे हे काम तरुणांचे आहे. चुकण्याची आणि चूक सुधारण्याची उमेद त्याच वयात असते.

तिसरी गोष्ट वणव्याची. पौष-माघात गवत वाळले की कोणी नवे गवत फुटावे म्हणून, कोणी शिकारीसाठी, तर कोणी केवळ विडीच्या निष्काळजीपणाने डोंगर पेटवून देतो. जूनमध्ये लावलेली रोपे गुरांतून वाचली तर वणव्यात जातात. गावच्या दहा तरुणांनी गवत वाळण्याच्या सुमारास एक आठवडा जाळरेषा काढल्या, तर वृक्षारोपणाच्या दहा समारंभांनी जे साधत नाही ते साधेल. पण जाळरेषेचे छायाचित्र चांगले येत नाही, ही तिची अडचण आहे.

पाण्याचाही उल्लेख केला पाहिजे. या दोन तालुक्यांवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्यावर साठविलेल्या त्या पाण्यावर खोपोलीचे वीजगृह १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून मुंबईला वीज पुरवीत आले. भिवपुरीचे सुटलेले पाणी पेज नदीतून राजनाल्याला मिळाले म्हणून काही गावांना उन्हाळी भात पिकविता आले. आणि तरीही त्याच डोंगराच्या कुशीतील वाड्यांवरील बायका चैत्रात हंडे घेऊन कोस-कोस चालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्याला वनराई बंधारा घालणे हे दोन दिवसांचे श्रमदान आहे. ते ओढा वाहता असतानाच, दिवाळीपूर्वी व्हावयास हवे. अनेक ठिकाणी ते पौषात होते आणि बंधाऱ्यामागे अडविण्यास पाणीच नसते.

एवढे सर्व ज्ञात असता अडते कोठे? बापाच्या हयातीत मुलाचे नाव सातबाऱ्यावर सहसा येत नाही. नाव नाही म्हणून त्याला बैठकीचे निमंत्रण नाही, प्रात्यक्षिकाचे बियाणे नाही, आणि घरातही त्याच्या शब्दाला वजन नाही. सुनेचे तर विचारावयासच नको, जरी आवणीपासून मळणीपर्यंतचे निम्म्याहून अधिक काम तिच्या हातून होत असले तरी. मग तो मुलगा सकाळची लोकल पकडून मुंबईकडे जातो किंवा खोपोली-रसायनीच्या कारखान्यात रोजगार शोधतो, आणि एके दिवशी दलाल दाराशी येऊन उभा राहतो, तेव्हा ज्या जमिनीत आपला कधी शब्द चालला नाही ती विकताना त्याचे मन फारसे अडखळत नाही. कर्जत-खालापुरातील कित्येक खाचरांभोवती आज फार्महाऊसच्या भिंती उभ्या आहेत, त्यामागील हेही एक कारण आहे.

वडीलधाऱ्यांची शंका रास्त आहे. एक हंगाम बुडाला तर घरात खावयाचे काय, असे ते विचारतात, आणि व्याख्यान देऊन निघून जाणाऱ्याला ते विचारावेच. म्हणून सबंध शेत मागू नये. एकरात चाळीस गुंठे असतात. त्यांतील पाच गुंठे, म्हणजे आठवा हिस्सा, घरातील मुलाच्या, मुलीच्या किंवा सुनेच्या स्वाधीन तीन वर्षांसाठी करावा. तेथे दाढ भाजावयाची की तुसाची राख घालावयाची, चिखलणी करावयाची की गादीवाफे, कर्जत-३ सारखी हळवी जात घ्यावयाची की घरची जुनी, हे सर्व त्यांनी ठरवावे. अट एकच असावी: बी, खत, मजुरी आणि उत्पन्न यांचा हिशेब वहीत लिहावा आणि सुगीनंतर तो बापाच्या उरलेल्या पस्तीस गुंठ्यांच्या हिशेबाशेजारी मांडावा. तरुणाचे पीक कमी आले तर तेही वहीत दिसू द्यावे. १९१९ साली स्थापन झालेले भात संशोधन केंद्र कर्जत गावातच आहे; शंका विचारण्यास यापेक्षा जवळची जागा राज्यातील फार थोड्या शेतकऱ्यांना लाभली असेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना यात बरेच करता येईल. प्रात्यक्षिकाच्या नोंदीत खातेदाराबरोबर प्रत्यक्ष कसणाऱ्या तरुणाचे नाव लिहावे. सकाळी अकराची बैठक ठेवली तर तीस केवळ म्हातारे येतात. कर्जतची संध्याकाळची लोकल आल्यानंतर ती घ्यावी. तरुण म्हणजे महाविद्यालयात जाणारा, असाही समज नसावा. कातकरी वाडीतील मुलगा दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातो तो पावसाच्या तोंडावर परत येतो. त्याच्याशी बोलावयाचे तर भाद्रपद-आश्विनात वाडीवर गेले पाहिजे. रान कोठे पेटते आणि झरा कोठे आटतो, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

आणि डोंगरउतारावरील प्रत्येक वाडीत दोन तरुणांकडे पाऊस मोजण्याचे काम द्यावे. त्यासाठी उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा पत्र्याचा डबा आणि एक मोजपट्टी पुरते. डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठरल्या वेळी पाणी मोजावे, वहीत तारीख घालून लिहावे आणि डबा रिकामा करावा. त्याच वहीत इतरही नोंदी कराव्यात: जमिनीला नवी भेग पडली का, झाड किंवा खांब कलला का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले का. असे काही दिसले आणि पाऊस थांबत नसला, तर कोणाच्या हुकमाची वाट न पाहता वाडी त्या रात्रीपुरती खाली आणावी आणि तहसील कार्यालयास कळवावे. म्हाताऱ्यांनी ‘आजवर काही झाले नाही’ असे म्हटले तरी त्या रात्री पोरांचे ऐकावे. वही आणि डबा मृगापूर्वी वाडीवर पोहोचले पाहिजेत. पाच गुंठ्यांची वाटणी त्याहूनही आधी, कवळ तोडण्यास कोयता घेऊन कोणी डोंगरावर जाण्यापूर्वी, ठरली पाहिजे.