अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना संशोधनाचा तास द्या!

सोलापुरातील पालक, शिक्षक, प्राचार्य आणि संस्थाचालक यांना जाहीर आवाहन



नववीतली एखादी मुलगी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसते, तेव्हा लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा पार केल्यावर तिला स्वतःचा कृती संशोधन प्रकल्प सादर करावा लागतो. ती गल्लीतला कचरा तोलते, घराघरांतून माहिती गोळा करते, तक्ते काढते आणि परीक्षकांसमोर उभी राहून आपले म्हणणे मांडते. पुढे दहावी होते, गुण चांगले पडतात, घरचे तिला सायन्सला घालतात. आणि इथेच तिचे संशोधन बंद पडते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित यांची खरी ओळख ज्या दोन वर्षांत होते, नेमक्या त्याच दोन वर्षांत स्वतःचा एक प्रश्न हाती घेऊन त्याच्या मागे लागायची सोय आपण तिच्यासाठी ठेवलेली नाही. हे चुकीचे आहे आणि बदलता येण्यासारखे आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

अकरावीचे खरे वेळापत्रक कसे असते, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. प्रवेश कॉलेजात, शिकणे क्लासमध्ये. ऐपत असलेले पालक मुलाला लातूरला किंवा कोट्याला ठेवतात, बाकीचे ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली दोन्हीकडची फी भरतात. प्रॅक्टिकल वर्षाच्या शेवटी उरकली जातात. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला प्रात्यक्षिकाचे प्रत्येकी ३० गुण असतात आणि त्यातले २८-२९ पदरात पडणारच अशी सगळ्यांची खात्री असते. मग जर्नल एकमेकांचे बघून उतरवले जाते. साध्या दोलकाच्या प्रयोगात ‘जी’ची किंमत ९.८ च्या आसपास आली पाहिजे हे आधीच माहीत असते, म्हणून मुले उत्तरापासून सुरुवात करतात आणि उलटे गणित करत रीडिंग बसवतात. सोळाव्या वर्षी, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत, आपण त्यांना निरीक्षण खोटे लिहायला शिकवतो. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्यापुढे आपण दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय सक्तीचा आहे. पाण्याच्या टंचाईत वाढलेल्या जिल्ह्यासाठी याहून चांगला विषय नाही, आणि त्यात प्रकल्पही आहे. पण त्याची प्रकल्पवही दुकानात तयार मिळते. विद्यार्थी वर नाव घालतात, शिक्षक खाली सही करतात.

“पण नीट, जेईई, सीईटी?” हा प्रश्न येणारच. तो खोटा नाही, म्हणून त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे वीसबावीस लाख मुले दोन वर्षे घासून, आईवडिलांचे पैसे आणि स्वतःची झोप घालवून बाहेर राहिली. त्यांच्या हाती काय उरले? बीएस्सीला किंवा कृषी पदवीला गेलेल्या मुलाला माहिती गोळा करता येत नाही, आलेख वाचता येत नाही, दोन पानांचा अहवाल स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नाही. प्रवेश परीक्षेची तयारी बंद करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आठवड्यातले दोन तास मागतो आहोत. दोन तासांनी ज्याची रँक जाईल, त्याची ती तशीही टिकणार नव्हती.

एक दार होते, तेही बंद झाले. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ मध्ये सुरू झाली. मूलभूत विज्ञानाची ओढ असलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांना ती हेरायची आणि पुढे शिष्यवृत्ती द्यायची. २०२२ मध्ये ती ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली आणि अकरावीतल्या मुलाला संशोधक होण्याचे स्वप्न दाखवणारी ती वेगळी परीक्षा राहिली नाही. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद मात्र १९९३ पासून भरते. तिचा वयोगट १० ते १७ आहे, स्थानिक प्रश्नावर गटाने काम करणे हीच तिची अट आहे, आणि अकरावीचे मूल त्यात बसते. आपल्या मुलाच्या कॉलेजने आजवर त्यासाठी किती गट पाठवले, हे पालकांनी जाऊन विचारावे.

दुसरीकडे मुंबई-पुण्यातल्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळांत याच वयाच्या मुलांना काय मिळते ते पाहा. आंतरराष्ट्रीय बॅकॅलॉरिएटच्या पदविकेसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या प्रश्नावर ४,००० शब्दांपर्यंतचा शोधनिबंध लिहावाच लागतो. विज्ञान घेणाऱ्यालाही तिथे समाजशास्त्राच्या बाजूचा एक विषय शिकावा लागतो. लाखोंची फी भरणाऱ्याच्या मुलाने प्रश्न विचारायचे आणि विडी घरकुलातल्या, यंत्रमाग कामगाराच्या, सांगोल्याच्या डाळिंबवाल्याच्या मुलाने फक्त चारांतला एक गोल काळा करायचा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

आणि सोलापूर म्हणजे संशोधनाचा दुष्काळ असलेले गाव, असे कोणी समजू नये. रब्बीत आजही पेरली जाणारी मालदांडी ३५-१ ही ज्वारी आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड करून तयार झाली, तीही १९३० च्या दशकात. कोरडवाहू शेतीचे देशातले अगदी सुरुवातीचे केंद्र त्याच दशकात सोलापुरात उभे राहिले. २००५ पासून केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त असलेले ‘सोलापूर लाल’ हे वाण तिथलेच. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मेघबीजनाच्या प्रयोगासाठी मुद्दाम सोलापूर निवडले, कारण आपण पर्जन्यछायेत येतो. त्या प्रयोगात २७६ ढग अभ्यासले गेले. बीजन केलेल्या ढगांच्या वाऱ्याखालच्या साधारण १०० चौरस किलोमीटर पट्ट्यात पाऊस सुमारे १८ टक्के वाढला, असा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे. डॉ. असद रहमानी यांच्यासारखे पक्षिशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात तिथल्या माळावर येऊन राहिले आणि त्यांनी त्या पक्ष्याचा अभ्यास केला. एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेले विद्यापीठ २००४ पासून आपल्याकडे आहे. बाहेरचे शास्त्रज्ञ प्रश्न शोधत सोलापूरला येतात, आणि सोलापूरच्या मुलाला वाटते की विज्ञान म्हणजे क्लासच्या नोट्स.

प्रकल्प म्हटले की थर्माकोलचा ज्वालामुखी किंवा विकत आणलेले सर्किट डोळ्यांपुढे येते. आम्ही म्हणतो तो प्रकल्प कसा असतो, याचे एक उदाहरण नीट उलगडून सांगतो.

आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. तीन, चार, पाच दिवसांआड येते, म्हणून प्रत्येक घरात बॅरल, हौद, हंडे, घागरी भरलेल्या असतात. नळाला येते तेव्हा पाण्यात क्लोरीन असते. पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर इतका उरलेला क्लोरीन असावा, असे भारतीय मानक सांगते. ग्रामपंचायतीचा पाणी कर्मचारी ओटी टेस्ट करतो तीच ही तपासणी: नळीत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, पिवळा रंग आला की शेजारच्या पट्टीशी ताडून पाहायचा. संच काहीशे रुपयांत येतो, शिक्षक शेजारी उभे राहून तो वापरू देऊ शकतात.

आता अकरावीच्या मुलीने विचारावे: आमच्या बॅरलमध्ये हा क्लोरीन किती तास टिकतो? ती पाणी भरल्याबरोबर मोजते, सहा तासांनी मोजते, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. प्लास्टिकच्या बॅरलमध्ये एक, सिमेंटच्या हौदात एक, झाकलेल्यात एक, उघड्यात एक. आकडे उतरत जातात. ते कागदावर मांडले की बारावीच्या ‘केमिकल कायनेटिक्स’मधली पहिल्या कोटीची अभिक्रिया तिच्या पुढ्यात येते: लॉगरिदमचा आलेख सरळ रेषेत येतो का, उतारावरून वेगाचा स्थिरांक किती निघतो. गणिताच्या पुस्तकातले ‘डिफरन्शियल इक्वेशन्स’चे प्रकरणही हेच आहे. हाच प्रयोग जानेवारीत आणि मग एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत केला, तर तापमान वाढल्यावर अभिक्रियेचा वेग का बदलतो, हे अऱ्हेनियसच्या सूत्रातून तिचे तिला कळते. रंगपट्टी डोळ्यांनी वाचायची असल्याने दोन मुलींनी वाचलेले आकडे जुळत नाहीत. मग वाचनातली चूक म्हणजे काय आणि ती किती धरायची, हेही शिकावे लागते. दोलकाचे रीडिंग बनवणाऱ्या वर्गात ही गोष्ट कधीच शिकली जात नाही.

इथवर रसायन आणि गणित. पुढे जीवशास्त्र येते. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य खाते सांगते की आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा, भांडी रिकामी करून घासा. पण पाणी पाचव्या दिवशी येणार आणि कधी सहाव्यावर जाणार असेल, तर बॅरल ओतून टाकायची हिंमत कोणती गृहिणी करेल? हा प्रश्न रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाही. त्यासाठी पन्नास घरांत जाऊन बोलावे लागते. पूर्व भागात तेलुगूत, कुठे कन्नडमध्ये, कुठे उर्दूत, कुठे मराठीत. पाणी कोण भरते, कोणाची झोप मोडते, मुलीची शाळा किती वेळा बुडते, हे विचारावे लागते. हे समाजशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, भूगोल आहे. हे विषय शिकवणारे शिक्षक त्याच इमारतीत, जिना चढला की कला शाखेत बसलेले असतात.

आंतरविद्याशाखीय शिक्षण या जड नावाखाली आम्ही मागतो ते एवढेच. असे दुसरे प्रश्न गावभर पडले आहेत. यंत्रमागाच्या शेडमध्ये आठ तास उभ्या असलेल्या वडिलांच्या कानावर किती डेसिबल आवाज पडतो, आणि कारखान्यांच्या नियमातली ९० डेसिबलची मर्यादा तिथे पाळली जाते का? डाळिंबावरचा तेल्या रोग कोणत्या पावसानंतर उसळतो? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचे नाव आहे, तर आपल्या कॉलेजच्या फाटकाशी सकाळी आणि संध्याकाळी धूळ किती असते? प्रत्येक प्रश्नाला एक वही, एक साधे उपकरण आणि एक जाणता माणूस लागतो. त्यासाठी कोटींचा निधी लागत नाही.

कायद्याची अडचण पुढे केली जाईल, पण ती खरी नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला आणि विज्ञान यांच्यात कडक भिंती नसाव्यात, असे स्पष्ट लिहिले आहे. राज्य मंडळाच्या विषययादीत सायन्सच्या मुलासाठी भूगोल आहे, भूशास्त्र आहे, बायफोकलला इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, क्रॉप सायन्स आहे. पण प्रवेशाच्या वेळी पालकांना सांगितले जाते, “आमच्याकडे पीसीएमबीच चालते.” विषय कागदावर असून कॉलेजात नसेल, तर तो मुलाच्या काय कामाचा?

शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांत शिक्षक तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर काम करतात. त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. म्हणून संशोधनाचे दोन तास त्यांच्या कार्यभारात धरले गेले पाहिजेत आणि त्याचे मानधन मिळाले पाहिजे. क्लासशी करार करताना संस्थांना पैसे सापडतात, तेव्हा यासाठीही ते सापडतील.

आमचे मागणे असे आहे. अकरावीच्या प्रत्येक सायन्स विद्यार्थ्याने, तिघा-चौघांच्या गटात, दिवाळीच्या सुट्टीपासून फेब्रुवारीपर्यंत एक स्थानिक प्रश्न हाती घ्यावा. तो ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’चा प्रकल्प म्हणून धरावा. त्यासाठी नवा विषय, नवे गुण काही लागत नाहीत. बाजारातली तयार वही कॉलेजने स्वीकारू नये. गटात कला किंवा वाणिज्य शाखेचा एक तरी विद्यार्थी असावा. निष्कर्ष चुकला, प्रयोग फसला तरी गुण कापू नयेत. आकडे बनवले तर मात्र कापावेत. संगमेश्वर, दयानंद, वालचंद यांसारख्या ठिकाणी कनिष्ठ वर्ग आणि पदवीचे विभाग एकाच आवारात नांदतात, त्यांनी आपल्या पदवी प्रयोगशाळा महिन्यातल्या दोन शनिवारी या मुलांना उघडाव्यात आणि सुरुवात करून दाखवावी. विद्यापीठाने आणि डाळिंब केंद्राने दरवर्षी जूनमध्ये अकरावीच्या आवाक्यातल्या प्रश्नांची एक यादी जाहीर करावी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मुलांनी आपली कामे शहरासमोर मांडावीत. पाण्याचे आकडे काढलेल्या गटासमोर महापालिकेचा पाणीपुरवठा अभियंता बसलेला असावा आणि त्याने त्यांचे ऐकावे.

पालकहो, प्रवेश अर्ज भरताना आपण निकाल विचारतो, क्लास कोणाचा आहे ते विचारतो, बसची सोय विचारतो. यंदा पहिल्या पालकसभेत हेही विचारा: माझी मुलगी या वर्षी कोणत्या प्रश्नावर काम करणार आहे, तिला कोण मार्गदर्शन करणार आहे, आणि प्रयोगशाळा आठवड्यातून किती तास उघडी असते? उत्तर लेखी मागा. हे पत्रक सोबत न्या, प्राचार्यांच्या हातात द्या आणि पोच घ्या.

आपले,
सोलापुरातील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे काही पालक आणि शिक्षक